'चालतंय' या शब्दाची चौकशी

आमच्या कारखान्यात एकच फोर्कलिफ्ट होती, दोन नव्हत्या, याबद्दल मी अधूनमधून देवाचे आभार मानत असे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवतो. ट्रकमधून कागदाची रिळं उतरवायची आणि गोदामातून उताराने खाली मशीन हॉलमध्ये न्यायची, एवढंच तिचं काम. तीन टनी, डिझेलवर चालणारी, कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातून आलेली. मी स्टोअरकीपर. स्टोअरची खिडकी बरोबर तिच्या उभ्या राहण्याच्या जागेसमोर आहे. त्यामुळे गेली नऊ वर्षं मी तिच्याकडे बघत डबा खातो आहे, आणि डब्यातल्या पोळ्या चारावरून दोनावर आल्या आहेत.

तिच्या प्रत्येक दुखण्यावर आमच्याकडे औषध होतं. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची. हळद फुगते, भोक बुजतं, हे खरं आहे. पण मे महिन्यात दुपारी तीनला इंजीन तापलं की झाकणाखालून जी वाफ निघते, तिला जळकं डिझेल आणि आजाऱ्याचं हळददूध यांचा मिळून वास येतो. रेडिएटरच्या जाळीत कागदाचा भुसा बसायचा, भुशावर तेल, तेलावर पुन्हा भुसा. महिन्याभरात त्याची जाड गोधडी व्हायची, आणि मग इंजीन कशानं तापतं यावर चहा पीत चर्चा व्हायची. एअर फिल्टर भिंतीवर आपटून साफ करायचा. त्या भिंतीवर काळ्या गोल शिक्क्यांची रांग उमटली आहे. हायड्रॉलिकचा पाइप झिरपला की सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी चढली की उरलेला चहा ओतायचा. हँडब्रेकची केबल कधी तुटली ते कुणालाच आठवत नव्हतं. तिच्या जागी चाकाखाली लाकडाचा एक ठोकळा असायचा, आणि सगळ्या गाडीत भरवशाचा भाग तेवढाच होता.

खरी देखभाल वर्षातून एकदा, खंडेनवमीला. आदल्या दिवशी पाण्याचा फवारा मारून तिला धुवायचे, एअर फिल्टरसकट, आणि मग पिवळा रंग द्यायचे. रंगवणारा जिथं लोखंड दिसेल तिथं ब्रश फिरवायचा. ग्रीस भरायच्या निपलांवर रंगाचे नऊ थर बसले होते, आत ग्रीस जायला वाट उरली नव्हती. किती वजन उचलावं हे सांगणारी पाटीसुद्धा पिवळी झाली होती. मग नारळ, मग हार. हारातला झेंडू पुढे आठवडाभर रेडिएटरच्या पंख्यातून चुरा होऊन बाहेर पडायचा. काही जण तो प्रसाद म्हणून उचलायचेही.

अशात ऑडिटवाले आले आणि त्यांनी रोजच्या तपासणीचा तक्ता मागितला. इंग्रजी तक्ता मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण अख्ख्या कारखान्यात एम.ए. मराठी मी एकटाच. त्यावरून लोक मला मास्तर म्हणतात. तक्त्यात अठरा बाबी होत्या: इंजीन ऑइल, पाणी, टायर, साखळी, हॉर्न, ब्रेक वगैरे. प्रत्येकीसमोर 'स्थिती' असा रिकामा रकाना. त्यात काय लिहायचं हे मी छापलं नाही. लोक आपल्या भाषेत लिहितील, असा माझा भाषाविषयक विश्वास होता.

गाडी चालवायचा निजामुद्दीन. गंगापूरचा, शेहेचाळीस वर्षांचा, त्यातली एकोणीस वर्षं फोर्कलिफ्टवर. पहाटेच्या काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून साडेसहाला गेटवर हजर व्हायचा. पहिला आठवडाभर त्यानं तक्ता मनापासून भरला. 'ब्रेक उशिरा लागतो.' 'साखळी कोरडी.' 'हॉर्न डावीकडं वळताना वाजतो.' आठव्या दिवशी मेंटेनन्सचे प्रमुख काकासाहेब वाकळे यांनी त्याला बोलावून घेतलं. हे वाचून ऑडिटवाल्याला काय वाटेल, असं त्यांनी विचारलं. निजामुद्दीन म्हणाला, मग काय लिहू. काकासाहेबांनी उलट विचारलं, गाडी चालते की नाही. चालते. मग तेच लिही ना बाबा, उगाच निबंध कशाला.

तेव्हापासून अठराच्या अठरा रकान्यांत एकच शब्द येऊ लागला: चालतंय. पुढे पुढे तो पहिल्या ओळीत एकदा, आणि खाली सतरा वेळा 'वरीलप्रमाणे'च्या खुणा. ऑडिटवाल्यांनी तक्ता पाहिला आणि अक्षर चांगलं आहे म्हणाले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास, निजामुद्दीन रीळ घेऊन उतारावरून खाली येत होता. भार असला की उतार मागे मागे उतरायचा असतो, म्हणजे रीळ चढाच्या बाजूला राहतं. तो तसाच उतरत होता. उताराच्या पायथ्याशी दगडाबाई पाठ करून बसली होती, टोपल्यात कागदाच्या कातरणी निवडत. दगडाबाई आमच्याकडे झाडलोट करते आणि कामात असली की तिला तोफेचाही आवाज ऐकू जात नाही. मी खिडकीत होतो. निजामुद्दीनचा गुडघा एकदम खाली गेलेला मला दिसला. त्यानं ब्रेक पुन्हा दाबला, पुन्हा गुडघा तळाला. हॉर्न दाबला असेलही, पण गाडी सरळ येत होती. मग त्यानं दांडा ओढला आणि रीळ पेलणारे दोन्ही लोखंडी काटे भारासकट जमिनीवर टाकले.

काट्यांनी सिमेंट ओरबाडत ठिणग्या उडवल्या. लोखंड दगडावर घासलं की दातांत जे होतं ते अख्ख्या कारखान्याच्या दातांत झालं. रिळाचा कागद अर्ध्यापर्यंत फाटून उतारभर पसरला. गाडी थांबली तेव्हा तिचं बूड दगडाबाईच्या टोपल्यावर चढलेलं होतं. दगडाबाई उठली, तिनं गाडीकडे पाहिलं, टोपल्याकडे पाहिलं, आणि आता हे टोपलं कोण भरून देणार असं विचारलं. मग ती मटकन खाली बसली आणि पाऊण तास उठली नाही.

तिसऱ्या दिवशी आरोपपत्र निघालं. ते निजामुद्दीनच्या नावानं होतं. नियम चौदा: गाडी चालू असताना भार जमिनीवर टेकवू नये. यामुळे एक रीळ आणि नुकताच बांधलेला उतार यांचं नुकसान झालं. उतार आमचे वर्क्स मॅनेजर डोणगावकर साहेब यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता, आणि त्यावर आता दोन लांबलचक चर पडले होते. आरोपपत्रात उताराला चार ओळी होत्या. दगडाबाई 'परिसरातील इतर व्यक्ती' म्हणून एकदा येऊन गेली होती.

आरोप सिद्ध झाला तर निजामुद्दीनला काढणार, हे सगळ्यांना माहीत होतं. अपघात करून काढलेल्या ड्रायव्हरला वाळूजमध्ये दुसरा कुणी फोर्कलिफ्टवर बसवत नाही. गेटवरचे वॉचमन एकमेकांना सांगतात, तेवढं पुरतं. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि शेहेचाळिसाव्या वर्षी ते येण्याची शक्यताही नव्हती.

चौकशी समिती तिघांची. अध्यक्ष डोणगावकर साहेब. तांत्रिक सदस्य काकासाहेब, म्हणजे ज्यांच्याकडे ब्रेकची देखभाल होती तेच. आणि सचिव मी, कारण इतिवृत्त मराठीत हवं होतं.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी समितीला सांगितली नव्हती. अपघाताच्या बारा दिवस आधी काकासाहेबांची चिठ्ठी स्टोअरला आली होती: ब्रेकचं तेल, अर्धा लिटर. ब्रेकचं तेल संपलेलं होतं. मी तसं फोनवर सांगितलं. काकासाहेब म्हणाले, मग हायड्रॉलिकचं द्या, तेही तेलच आहे, चालतंय. या गाडीच्या ब्रेकमध्ये हायड्रॉलिकचं तेल घातलं तर आतली रबरं फुगतात आणि कामातून जातात. हे डब्यावर छापलेलं असतं. मी ते वाचलेलं होतं. वाचण्यासाठीच मला घरच्यांनी शिकवलं. मी अर्धा लिटर मोजून दिलं आणि चिठ्ठीवर सही केली. चिठ्ठी माझ्या खणात होती.

चौकशी कॉन्फरन्स रूममध्ये बसली. मधे कांदाभज्यांची ताटली होती. डोणगावकर साहेबांनी भजं खाल्लेल्या बोटांनी तपासणीचे तक्ते एकेक उलटले, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर पारदर्शक डाग पडत गेला. पुरावा हळूहळू पलीकडचं दाखवू लागला. काकासाहेब मिरचीचं देठ दातांत धरून मान हलवत होते. निजामुद्दीन उभा होता. त्याला बसायला सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण सचिवानं पुढाकार घ्यावा की नाही याबद्दल नियम स्पष्ट नव्हता.

आधी दगडाबाईची साक्ष झाली. त्यानं गाडीची शिंगं खाली टाकली म्हणून मी आज उभी आहे, असं ती म्हणाली. साहेबांनी विचारलं, ब्रेक लागला की नाही हे तू पाहिलंस का. ती म्हणाली, माझी पाठ होती. साहेबांनी मला लिहायला सांगितलं: साक्षीदाराने काहीही पाहिलेले नाही. मी लिहिलं. जाताना तिनं टोपल्याचं पुन्हा विचारलं. तेही लिहू का, असं मी विचारलं, तर साहेब म्हणाले, विषयाला धरून लिहा.

मग साहेबांनी तक्त्यांचा गठ्ठा निजामुद्दीनसमोर सरकवला. अपघाताच्या दिवशीचा तक्ता सगळ्यात वर होता. ब्रेक: वरीलप्रमाणे, म्हणजे चालतंय. अक्षर त्याचंच, सही त्याचीच. साहेबांचा मुद्दा साधा होता. ब्रेक चालत होता असं ड्रायव्हरनं स्वतः सकाळी लिहून दिलं आहे. चालणारा ब्रेक तीन तासांत मरत नाही. म्हणजे याचं लक्ष नव्हतं.

निजामुद्दीननं तक्ता हातात घेतला, जरा लांब धरून वाचला आणि परत ठेवला.

"साहेब, मी चालतंय लिवलं. चांगलं हाय असं कुठं लिवलंय, दावा."

"म्हणजे काय?" साहेब म्हणाले.

"चालतंय म्हंजी आमी चालवून घेतोय."

काकासाहेब म्हणाले, चालतंय म्हणजे चालतंय, मराठीत याला दुसरा अर्थ नाही, उगाच शब्दांचे खेळ करू नकोस. निजामुद्दीन नम्रपणे म्हणाला की मराठी त्याची शेजारपाजारची भाषा आहे, घरची नाही. पण पोरीच्या सासरी जेवण कसं होतं असं विचारल्यावर माणूस 'चालतंय' म्हणाला, तर त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही हे सगळ्यांना कळतं.

साहेबांना हा मुद्दा टोचला असावा. ते माझ्याकडे वळले. एका माणसाची नोकरी एका क्रियापदावर येऊन थांबली होती, आणि त्या क्रियापदाचा एकमेव पदवीधर मी होतो.

"मास्तर, तुमचा विषय आहे. अधिकृत अर्थ काय तो सांगा, म्हणजे इतिवृत्तात घेऊ."

मला अर्थ माहीत होता. अपघाताच्या बारा दिवस आधी फोनवर तो मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता आणि त्या अर्थानंच सही केली होती. पण 'चालवून घेतो' हा अर्थ एकदा इतिवृत्तात गेला की पुढचा प्रश्न 'काय चालवून घेतलं' हाच येणार होता, आणि त्याचं उत्तर माझ्या खणात होतं. मी चष्मा काढला, पुसला आणि घातला. म्हणालो, संदर्भानुसार दोन्ही अर्थ संभवतात.

भाषाशास्त्राच्या दृष्टीनं हे उत्तर निर्दोष होतं. साहेब खूश झाले. दोन्ही संभवतात, म्हणजे आपला अर्थही संभवतो, असं त्यांनी मला लिहायला सांगितलं. निजामुद्दीननं माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी सोय त्यानं मला दिली.

मग तो म्हणाला, "गाडी वर वढून लावली तशीच हाय साहेब, कुणी हात लावला नाय तिला. मी वरून खाली आणतो, रिकामी. तुमी तिघं खाली उभं ऱ्हावा, दगडाबाई बसली व्हती तिथं. ब्रेक चालत आसंल तर थांबंल. मग मी सही करतो अन् घरी जातो."

दाराबाहेर जेवायला निघालेले दहा-बारा कामगार उभे होते, आणि दार उघडं होतं. नाही म्हणणं अवघड होतं. काकासाहेब तर म्हणाले, बघू या की, त्यात काय. ते उत्साहात बोलले, आणि खाली आपल्यालाही उभं राहायचं आहे हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

दुपारचे साडेबारा वाजले होते. उतार तापला होता. पायथ्याशी अजून कागदाच्या कातरणी आणि टोपल्याच्या काड्या पडलेल्या होत्या, त्यावर कुणीतरी थुंकलेलंही होतं. आम्ही तिघं तिथं जाऊन उभे राहिलो. कामगार दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकले. निजामुद्दीन वर गाडीवर चढला.

तेवढ्यात डोणगावकर साहेबांना फोन आला. निदान त्यांनी फोन कानाला लावला. ते बोलत बोलत बाजूच्या शेडच्या सावलीत गेले आणि तिथेच बोलत राहिले. काकासाहेबांच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधायला ते भिंतीपर्यंत गेले, पाय टेकवायला आधार हवा म्हणून. तिथून त्यांनी मला सांगितलं की मास्तर, तुम्ही थांबा, तुम्ही तटस्थ आहात.

वर इंजीन सुरू झालं. आधी खोकलं, मग काळा धूर सोडला, मग सगळी गाडी हळदीच्या वाफेत थरथरायला लागली. नऊ थरांचा पिवळा रंग, गळकं बूड, आणि त्यामागे निजामुद्दीनचं डोकं. गाडी अजून हलली नव्हती. मी पायांकडे पाहिलं. माझे पाय मला फारसे आवडत नाहीत, पण ते दोनच आहेत.

"थांब," मी ओरडलो. "त्या ब्रेकमध्ये हायड्रॉलिकचं तेल आहे. काकासाहेबांनी मागितलं, मी दिलं. चिठ्ठी माझ्याकडे आहे."

आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. साहेबांचा फोन आपोआप संपला. काकासाहेबांची नाडी बांधून झाली होती, तरी ते वाकलेलेच राहिले. निजामुद्दीननं इंजीन बंद केलं आणि खाली उतरला. तेव्हा मला दिसलं की चाकाखालचा ठोकळा त्यानं काढलेलाच नव्हता.

मास्तरांनी हिमतीनं खरं सांगितलं, असा समज कामगारांत पसरला. दोघांनी येऊन माझा हात हातात घेतला. मी तो समज दूर करायचा प्रयत्न केला नाही. तेवढी स्वतःची किळस सोसता येण्यासारखी होती. दगडाबाईनं मात्र हात घेतला नाही. तिनं विचारलं, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं व्हय. मी मान हलवली. ती झाडू घेऊन निघून गेली.

समितीनं दुसऱ्या दिवशी निकाल दिला. अपघात यांत्रिक कारणामुळे घडला. निजामुद्दीन कामावर कायम. उतारावरच्या चरांबद्दल त्याला लेखी समज. काकासाहेबांना तोंडी समज. मला मेमो, आणि कारखान्यात मराठी मसुदा करणारं दुसरं कुणी नसल्यामुळे तो मीच लिहिला. त्यात एक अनुस्वाराची चूक साहेबांनी दाखवली, ती चूक नव्हती. त्याच दिवशी परिपत्रकही निघालं: यापुढे तपासणी तक्त्यात 'चालतंय' हा शब्द कोणीही लिहू नये, 'योग्य' किंवा 'अयोग्य' असे लिहावे.

पुढच्या सकाळी निजामुद्दीननं तक्ता भरला. अठरा बाबींपैकी अकरा अयोग्य. खाली सही केली, तारीख घातली, आणि गाडीच्या शेजारी एक पालथं पिंप ठेवून त्यावर बसला. साडेआठपर्यंत गेटबाहेर रिळांचे तीन ट्रक लागले. काकासाहेब येऊन तीनदा समजावून गेले. एवढ्यानं काय होतं, हळूहळू करू, आजच्या दिवस चालव. निजामुद्दीन प्रत्येक वेळी तक्ता पुढे करायचा. साहेबांचंच परिपत्रक होतं, त्यामुळे त्यांना खिडकीत उभं राहून बघण्यापलीकडे काही करता येईना. दहाला शहरातून मेकॅनिक आला.

त्यानं ब्रेकचा मुख्य सिलिंडर खोलला. आतली रबरं भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टरारून फुगली होती आणि त्यांच्याभोवती काळी चिकट खळ साचली होती. मेकॅनिकनं ती बोटानं काढून माझ्यासमोर धरली. मी डबा खाऊन आलो नव्हतो, हे बरं झालं. नवी रबरं बसली, नळ्या धुऊन झाल्या. आता ब्रेकचं तेल हवं होतं. मी स्टोअरमध्ये गेलो. मेंटेनन्सच्या कपाटातून एक डबा आला होता, अपघातानंतर कुठूनतरी आणलेल्या ब्रेकच्या खऱ्या तेलाचा, पाऊण भरलेला. तो घेऊन मी आलो.

निजामुद्दीन पिंपावरून उठला. त्यानं डबा घेतला, नाव वाचलं, झाकण फिरवून पाहिलं आणि नाकाशी धरला. त्याचं वाचून होईपर्यंत मी समोर उभा होतो, पेपर तपासून घ्यायला आल्यासारखा.

"मास्तर, हे उघडलेलं हाय."

मी म्हणालो, दोन-चार दिवसांपूर्वीच उघडलं असेल, तेल तेच आहे.

"उघड्या डब्यात वाऱ्याचं पाणी शिरतं. शिलबंद आणा."

त्यात राग नव्हता. स्टोअरकीपरला वस्तू सांगतात तशी त्यानं सांगितली. शिलबंद डबा स्टोअरमध्ये नव्हता, हे त्यालाही माहीत असावं. बाहेर तीन ट्रकचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते आणि वरच्या खिडकीत साहेब घड्याळ बघत होते. मी डबा परत घेतला, मोटारसायकलची किल्ली काढली आणि नाक्यावर दुकान शोधायला निघालो.

"सावकाश जा," तो मागून म्हणाला. "मी बसतो."